एक फुल, एक हाफ

"—अन् सभासदांचा पैसा तं फुकटचाच हाय ना भाऊ. बँकेले तेवढं व्याज द्या लागते. बाकी अर्धा पैसा शून्य टक्के."

शेजारचा माणूस फोनवर बोलत होता. अमरावतीहून अकोल्याला निघालेली एसटी, बडनेरा नुकतंच मागं पडलेलं, खिडकीतून जानेवारीचं कोवळं ऊन. शकुनच्या मांडीवर लॅपटॉपची बॅग होती, त्याच्या मांडीवर तुरीच्या डाळीच्या नमुन्यांच्या पिशव्या. त्यातली एक कुठंतरी उसवलेली. रस्त्यात खड्डा आला की दोन-चार पिवळे दाणे तिच्या निळ्या ओढणीवर उडी मारत होते.

दाण्यांचं तिनं सहन केलं. शून्य टक्क्यांचं मात्र…

"फुकटचा नसतो," ती म्हणाली.

तो फोन कानाला तसाच धरून वळला. "काय?"

"सभासदांचा पैसा. उलट बँकेपेक्षा महाग असतो."

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. त्याचा सावळा चेहरा, विंचरायचे राहून गेलेले केस, आणि डोळे असे, की समोरचा चुकतोय अशी खात्री असूनही ऐकून घेणारे. "भाऊ, मंग लावतो," म्हणून त्यानं फोन ठेवला. "बोला. कसा काय महाग?"

"बँकेकडे तारण असतं. कंपनी बुडाली तर आधी बँक आपलं घेते. सभासदाला मिळतं ते उरलंसुरलं, तेही उरलं तर. ज्याची जोखीम जास्त, त्याला जास्त मिळायला नको?"

"पन आमचे सभासद काहीच मागत नाईत."

"मागत नाहीत म्हणून किंमत नसते?"

हे जरा जोरात झालं असावं. पुढच्या सीटवरचं डुलकी घेणारं डोकं सरळ झालं, आणि कंडक्टरही इकडं वळला. "तिकीट?"

"अकोला. एक हाफ," शकुन म्हणाली.

"एक फुल," तो म्हणाला. मग हळूच, तिला ऐकू जाईल असं, "एकाच बाकावर दोन भाव. यालेबी तुमच्याकडे काही कारण असंन."

"आहे. पण तुम्ही ऐकणार नाही."

"ऐकतो ना. इतके दाणे सांडले तरी तुमी बोलल्या नाई, अन् एका शून्यावर बोलल्या. असा मानूस पहिल्यांदाच पाहून राहिलो."

शकुननं तोंड खिडकीकडे फिरवलं. हसू दिसू नये म्हणून.

अकोल्याला ते आपापल्या वाटेनं उतरले. तिनं चौकशी करून पातूरची गाडी शोधली, जागा धरली, बॅग मांडीवर घेतली… आणि शेजारी तुरीच्या डाळीचा वास येऊन बसला.

"माह्या मागं मागं येऊन राहिल्या का तुमी?"

"मी? मला पातूरला काम आहे. शकुन गवई. तिथं एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे, डाळमिल काढणार आहेत, त्याचा अहवाल करायचाय. मॅनेजर कोणी ललित तायडे म्हणून…"

गाडी गावाबाहेर पडेपर्यंत तो पिशव्या सावरत बसला.

"जयभीम," तो शेवटी म्हणाला. "मीच तो. शून्यवाला."

*

ललितला मोठी मिल हवी होती.

कंपनी पातूरच्या आजूबाजूच्या बायकांची. प्रत्येकीनं पदरचे पैसे घालून शेअर घेतलेले. मिलसाठी अर्धे पैसे बँक देणार, अर्धे या बायकांचे. मिल वर्षाला आठ टक्के कमावणार, असा ललितचा अंदाज, आणि तो अंदाज शकुनलाही पटला होता. तिचं काम एवढंच, की कंपनीला भांडवल कितीला पडतं ते काढायचं. कमाई त्याच्या वर असेल तर बांधा. खाली असेल तर नका बांधू.

"हे पडतं कितीला, ते काढता कसं?"

"तुम्ही दोन तऱ्हेची डाळ मिसळता ना? एक महागाची, एक स्वस्ताची?"

"मिसळतो. सांगून विकतो पन."

"मिसळीचा भाव कसा काढता?"

"कोन्ती किती पोते, त्यावर. महागाची जास्त असली तं भाव वर." तो थांबला. "पैशाचंबी तेच?"

"पैशाचंही तेच."

"मंग नऊ टक्के बँक अन् शून्य आमच्या बाया. निम्मं-निम्मं. साडेचार." खूश होऊन त्यानं चहाचा कप तिच्याकडे सरकवला. "मिल कमावते आठ. झालं ना काम."

"शून्य कुठून आणलं?"

"पुन्हा तेच."

"आज दिवसभर माझ्यासोबत बसलात. दुसरी कामं राहिली. त्याची किंमत शून्य?"

तो कपाच्या कानाशी चाळा करत राहिला.

"नाई," म्हणाला. "त्याले शून्य नाई म्हनता येत."

शकुननं लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. समोरचे आकडे मराठीत आहेत की इंग्रजीत, हेही तिला काही वेळ कळत नव्हतं.

*

"ताळेबंद शनिवारी आणून देऊ का?"

"मेल करा."

"इथं नेट चालत नाही."

"मग हा मेसेज कसा आला?"

"हा चालतो."

…

"वीजबिल राहिलं होतं. शनिवारी आणतो."

"फोटो पाठवा."

"फोटोत बरोबर येत नाही."

"बिल?"

"मी."

*

अमरावतीत, राजापेठेच्या ऑफिसात, शकुनचे साहेब रविकांत सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "पातूरची फाईल स्वतःच्या पायांनी चालत येते वाटतं हो. दर शनिवारी."

फाईल यायची. मग राजकमल चौकात उभ्या-उभ्या गिला वडा व्हायचा. दही जास्त की चटणी जास्त यावर भांडण व्हायचं, आणि शेवटची बस तिची वाट बघत नाही याची फाईलला दर वेळी आठवण करून द्यावी लागायची. निळ्या ओढणीला शुक्रवारीच इस्त्री होऊ लागली. पर्सच्या कोपऱ्यात एकदा डाळीचा दाणा सापडला, तो शकुननं काढला, पाहिला… आणि परत कोपऱ्यात ठेवला.

असं चाललं होतं. मग अहवालाचा कच्चा खर्डा झाला.

*

शून्याच्या जागी तिनं चौदा लिहिले होते. नऊ आणि चौदा, निम्मं-निम्मं, साडेअकरा. मिल कमावते आठ.

"हे चौदा कुठून आनले?" ललितनं विचारलं. हातातली वड्याची डिश तशीच.

"शेअर बाजारातल्या कंपन्यांवरून. तसंच काढतात."

"पार्वताबाई कोन्त्या शेअर बाजारात जाते? माहं शून्य हवेतलं, मान्य. पन तुमचं चौदा तरी कुठलं हाय?"

तो बरोबर बोलतोय, हेच तिला लागलं.

"मग त्यांनाच विचारा," ती म्हणाली. "हा पैसा कंपनीत घातला नसता तर कुठं घातला असता? जे सोडून दिलं, तोच त्या पैशाचा भाव. कधी विचारलंत?"

"भरवशानं दिले त्यायनं. आता दारोदार जाऊन भाव विचारू?"

"हो."

"अन् त्यायनं पैसे वापस मागितले तं?"

त्यानं डिश गाड्यावर ठेवली, आणि शेवटच्या बसच्या कितीतरी आधीची बस धरली.

*

चौदाच्या जागी सहा लिहिलं तर?

नऊ आणि सहा, निम्मं-निम्मं, साडेसात. मिल उभी. ललितही उभा, दर शनिवारी, दारात. रविकांत सर तिच्या आकड्यांवर डोळे मिटून सही करत होते. सहा कुठून आलं, हे कोणी विचारलं नसतं.

तिनं सहा लिहिलं.

स्क्रीनवर ते अगदी निरागस दिसत होतं. त्याच्या मागं पातूरच्या बायका मात्र दिसत नव्हत्या. ज्या माणसाची मिल आपण अडवतोय तो पुन्हा कशाला बस बदलत-बदलत आपल्याकडे येईल, हे तिला कळत होतं. खरं लिहिलं तर जाणार होतं ते तिचंच.

तिनं सहा खोडलं. चौदाही खोडलं. लिहिलं: सभासदांच्या पैशाचा भाव सभासदांना विचारल्याशिवाय ठरवता येत नाही. तोवर मिलला होकार देता येत नाही.

आणि पाठवून दिलं.

*

शनिवार. कोणी आलं नाही.

शनिवार.

नंतरच्या शुक्रवारी तिनं ओढणीला इस्त्री केली नाही.

*

फोन आला तेव्हा मार्च लागला होता. "जयभीम. गुरुवारी सभा हाय. या." एवढंच. आवाजावरून काहीच कळेना.

पातूरच्या वाटेवर पळस पेटलेला होता, आणि शकुनला तो बघवत नव्हता. सभा म्हणजे काय होणार, हे तिनं मनात पुरतं रंगवलं होतं. बायका पैसे परत मागणार, कंपनी मोडणार, आणि ललित सगळ्यांसमोर तिच्याकडे बोट दाखवणार.

गोदामात सतरंज्या अंथरलेल्या. ती सगळ्यांत मागं, पोत्यांना टेकून बसली. ललित उभा राहिला. जरा वाळल्यासारखा दिसत होता.

"मी तुमच्या घरोघर येऊन एकच गोष्ट विचारली," तो म्हणाला. "तेच आता सगळ्यायसमोर सांगा. हे पैसे इथं टाकले नसते, तं काय केलं असतं?"

"शेळ्या घेतल्या असत्या," पार्वताबाई म्हणाली. "वर्षाले पिलं."

"शिलाई मशीन," केशरबाई म्हणाली. "पिको-फॉलवाली."

"मी तं दिराले दिले असते," पंचफुला म्हणाली, "मंग गेलेच असते ते." सगळं गोदाम हसलं.

"अन् शेळी मरतेबी," कोणीतरी पार्वताबाईला टोकलं.

"तेही धरायचं," मागून शकुन बोलून गेली.

सगळ्या माना वळल्या. शकुनला वाटलं, पोत्यांत शिरावं.

"ह्याच त्या," ललित म्हणाला. "ज्यायनं मले तुमच्या दारात पाठवलं."

पार्वताबाई पदर सावरत उठली. आता मागणार, शकुनला वाटलं. आता…

"शेअर घेतला तवा सही घेतली माही," पार्वताबाई म्हणाली. "त्यापायी काय राहून गेलं, ते कोनी पुसलं नव्हतं. बरं वाटलं बापा." आणि खाली बसली.

एवढंच. कोणी काही परत मागितलं नाही. शकुनच्या पाठीमागचं पोतं अचानक मऊ लागायला लागलं.

"मेलेल्या शेळ्या अन् पंचफुलाबाईचा दीर धरून," ललित सांगत होता, "तुमच्या पैशाचा भाव निघते अठरा टक्के. बँकेचा नऊ. निम्मं-निम्मं, साडेतेरा. मोठी मिल कमावते आठ. म्हंजे मोठी मिल नाई." हे तो सरळ सगळ्यांकडे बघत बोलला. "मोठी अर्धं वर्ष रिकामी पडून राह्यली असती. लहान बसवू. आपल्याच तुरीपुरती, पन सतत चालन अशी. पैसे तसेच, अर्धे बँकेचे, अर्धे तुमचे. थे कमावते पंधरा." त्यानं मागं पाहिलं. "तपासा."

शकुननं मोबाइलवर आकडे मांडले. एकदा चुकले, पुन्हा मांडले.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

बायकांनी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. चहाला उशीर का होतोय, असं विचारलं.

*

पातूरच्या स्टँडवर तो तिला सोडायला आला.

"रागावला होतात."

"लय. मंग केशरबाईच्या घरी गेलो, थे शिलाई मशीनचं सांगत बसली, कोन्त्या रंगाची, कुठं ठेवनार होती… तिथं उतरला राग." तो रस्त्याकडे बघत होता. "खरं सांगू? मोठ्या मिलचं मलेच भेव लागून राहिलं होतं. सगळीकडे बोलून बसलो होतो, मागं फिरता येईना. तुमचा अहवाल वाचला अन् त्या दिवशी पहिल्यांदा निवांत झोपलो."

शकुननं बॅगेचा पट्टा खांद्यावर सारखा केला.

"मी तुमच्यासाठी सहा लिहिलं होतं," ती म्हणाली. "थोडा वेळ."

"काहून खोडलं मंग?"

"तुम्ही विचारलं असतं, कुठून आणलं."

तो हसला. मोकळा, मान मागं टाकून. अकोल्याची गाडी लागली. ती चढली, खिडकीशी बसली. तो खाली, खिडकीच्या गजाला धरून.

"शकुन."

नुसतं नाव. पहिल्यांदाच.

"तुमचे शनिवार… माह्यात घातले नसते, तं कुठं घातले असते?"

प्रश्न खरा होता, म्हणून तिनं खरा विचार केला. "उशिरापर्यंत झोपले असते. आईसोबत बाजारात गेले असते. पुण्याच्या एका नोकरीची तयारी करायची होती, ती केली असती."

"म्हंजे महाग पडलो."

"फार."

"परवडलो का पन?"

घंटी वाजली. "ललित, मले त्या सगळ्यापेक्षा…" ती म्हणाली, आणि गाडी हलली. खिडकीतला चेहरा मागं गेला, गज मोकळे झाले. वाक्य तोंडातच राहिलं.

पुढच्या दारात धडपड झाली. कोणीतरी "अहो, सांभाळून" म्हणालं. आणि शेजारी तुरीच्या डाळीचा वास धापा टाकत येऊन बसला.

"काय म्हनत होत्या? पुरं करा."

"गोदाम उघडं टाकून आलात?"

"पार्वताबाई हाय तिथं. पुरं करा."

"त्या सगळ्यापेक्षा मले हे शनिवार पाह्यजे होते," ती म्हणाली, खिडकीकडे तोंड न फिरवता. "अजून पाह्यजेत."

त्याच्या कानांच्या पाळ्या पळसासारख्या झाल्या.

कंडक्टर आला. "कुठं?"

"अकोला, दोन. एक फुल, एक हाफ." मग तिच्याकडे वळून, "तिथून अमरावती. आई-बाबाले भेटतो तुमच्या. बोलाचं हाय."

"आजच? शनिवारी या ना."

"दोन दिवस थांबनं आता परवडत नाई."

तिनं तिकिटं हातात घेतली, एकावर एक ठेवली. ललितनं बोटानं दोन्हीवरचे आकडे दाखवले, अगदी हिशेबाच्या आवाजात. "एकट्यानं आलो असतो तं पुरा भाव. दोघं मिळून सरासरी खाली येते. तपासा."

शकुननं मोबाइल काढला नाही. बॅग दोघांच्या मधे होती, ती उचलून पायाशी ठेवली.

"बरोबर आहे," ती म्हणाली.