डावा पीळ

बस असा. कंदील जरा बारीक कर, डोळ्यांवर येतो. मी कुणावर विश्वास ठेवत नाही, हे आमच्या विमानांच्या माळावरचा कुणीही तुला सांगेल. विमानाच्या मेकॅनिकनं ठेवूही नये. पण एकोणीसशे बाराच्या त्या ऑक्टोबरात मी संशय घेतला तो भलत्याचाच.

विनिफ्रेड टटलचं विमान माझ्याकडे होतं. एकोणीस वर्षांची पोर, सायकल दुरुस्त करणाऱ्याची मुलगी. गुरुवारी तिची वैमानिकाच्या परवान्याची परीक्षा होती. दोन खांबांभोवती इंग्रजी आठासारख्या पाच फेऱ्या, मग उतरायचं, आणि पुन्हा एकदा तेच सगळं. चुकली तर नुसती नापास होणार नव्हती, मान मोडणार होती. वारा उठायच्या आत उडायचं म्हणून आम्ही उजाडताच कामाला लागायचो. मंगळवारी मी शेडचं दार सरकवलं आणि नेहमीसारख्या तारा तपासायला घेतल्या.

शेपटाकडच्या सुकाणूची तार ताणायला एक पितळी पेच असतो. तो आपोआप फिरून ढिला पडू नये म्हणून त्याला बारीक तार पिळून बांधतात. हा पीळ म्हणजे ज्याचं त्याचं हस्ताक्षर. मी उजवीकडे पिळतो, सगळेच पिळतात. त्या सकाळी पेचावरचा पीळ डावीकडचा होता.

"हे विमान क्लबातल्या त्या क्रँडलचं काम," मी विनीला म्हणालो.

"त्याला माझ्या सुकाणूशी काय देणंघेणं?"

"बायकांना आकाशात काय वाळत घालायचंय, असं क्लबात कोण बरळत होतं?"

"तोंडाचा वाईट आहे तो, बाकी काही नाही. आणि रविवारपासून बॉस्टनला आहे. तुम्ही काय म्हातारबा, दुधवाल्यावरही संशय घेता."

"दुधवाल्याच्या बाबतीत माझंच खरं निघालं होतं."

ती हसली. मी तो पीळ कापला, माझा घातला, शेडला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. बुधवारी कुलूप जसंच्या तसं होतं. आत शिरलो तर एरंडेलाचा ताजा, ऊन वास. आमच्या इंजिनांत वंगण म्हणून एरंडेलच असायचं, पण परीक्षेआधी जपायचं म्हणून हे इंजिन शनिवारपासून सुरूच केलं नव्हतं. आणि पेचावर पुन्हा डावा पीळ.

आता मला ते नाव मनात आणावंच लागलं. माळावर डावीकडे पिळणारा एकच माणूस होता, ओरिन स्लोकम. डावखुरा, हळू बोलणारा, माझा सोबती. जूनमध्ये गेला. त्याचं असं झालं... इंजिन सुरू करताना एक जण नाकावरचं लाकडी पातं हातानं फिरवतो. आधी तो विचारतो, "बंद?" बैठकीतला माणूस ठिणगीचं बटण चाचपून बघतो आणि सांगतो, "बंद." मगच पातं फिरवून इंजिनात पेट्रोल ओढून घ्यायचं; बटण चालू राहिलं तर इंजिन तिथंच पेटतं. त्या दिवशी बैठकीत मी होतो. बाहेर दाट धुकं. इंजिन एकदम पेटलं आणि पात्यानं ओरिनला जागच्या जागी मारलं. त्यानं विचारलंच नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. मेलेला माणूस माझ्या विमानाला हात लावतो, तो काय माझं भलं करायला? माझ्यावर राग आहे ना, मग मला धर. त्या पोरीनं काय केलंय?

गुरुवारीही डावा पीळ होताच. मी तो कापला, माझा घातला, दोन वेढे जास्तच दिले, आणि विनी बैठकीत चढेपर्यंत तिथून हललो नाही.

चौथ्या फेरीत शेपूट एकदम भरकटलं. विमान तिरकं होऊन खांबाच्या दिशेनं खाली यायला लागलं. मी डोळे मिटले नाहीत, एवढंच म्हणेन. मग शेपूट सरळ झालं, अगदी सावकाश, कुणीतरी धरून वळवल्यासारखं. तिनं पाचवी फेरी पुरी केली, इंजिन बंद केलं आणि विमान तरंगत खाली आणलं.

मी धावत शेपटाकडे गेलो. पेच मधोमध तुटला होता. पितळात जुनी चीर होती, आतून काळी पडलेली. तुटलेले दोन्ही तुकडे तारेच्या दहा-बारा वेढ्यांनी एकत्र आवळले होते, आणि शेवटचा पीळ डावा होता. तीन दिवस कुणीतरी ती चीर बांधत होतं आणि मी कापत होतो.

विनी उतरली. चेहरा पांढराफटक.

"म्हातारबा... उतरताना इंजिन बंद होतं ना, तेव्हा मागून कुणीतरी विचारलं."

"काय?"

"'बंद?' म्हणून. मी बटण चाचपलं आणि म्हटलं, बंद. तर तो म्हणाला... 'हात लावून बघितलंस, बरं केलंस.'"

मी तुटका पेच सोडवायला लागलो.

"कोण होता तो? तुम्हाला माहीत आहे."

"वाऱ्याचा आवाज असेल," मी म्हणालो. "माझ्या ओळखीचं कुणी नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. परीक्षकांनी दुसऱ्या फेऱ्यांसाठी हात केला. मी नवा पेच बसवला, पुढे जाऊन पात्यावर दोन्ही हात ठेवले. खाली मान घालूनच विचारलं, "बंद?"

"बंद."

आवाज हळू होता. मी वर पाहिलं. बैठक रिकामी होती. विनी पंखाच्या टोकाशी उभी राहून चष्मा पुसत होती.

पात्यावरचे हात एकेक बोट करून सोडवले. बैठकीपाशी जाऊन आत वाकलो. बटण चालू होतं.

"विनी," मी हाक मारली, "इकडे ये. जूनमध्ये ओरिननं विचारलं होतं. मी बटणाला हात न लावताच बंद म्हणालो." मग सगळंच सांगितलं, तिच्या तोंडाकडे न बघता, बैठकीच्या कडेला धरून. खोटं कसं रचलं, त्याच्या बायकोला काय सांगितलं, तेही. ती ऐकत होती. परीक्षक तिकडून ओरडत होते.

बोलणं संपल्यावर आम्ही दोघांनी एकदमच आत पाहिलं. बटण बंद होतं. आमच्यापैकी कुणीही त्याला शिवलं नव्हतं.