जागरणाच्या रात्रीचा काळोख

सप्तर्षींच्या देवळातलं चांदीचं धूपपात्र गेलं. राजवाड्यातून आलेलं पात्र ते! दुपारपर्यंत सापडलं नाही तर पुजारीण ओक्रेला बेड्या आणि देवळाला कुलूप, असा हुकूम सुटला.

"मी नेलं नाही," ओक्रे म्हणाली. "आणि रडणारही नाही."

चाकरी सोडलेला फौजदार प्यो दोखान नुसता हसला. त्याच्यासोबत आलेला पाल्बोक वैद्य मात्र काळजीत पडला. असं ताठ बोलल्यावर हिला वाचवणार कोण?

आदली रात्र जागरणाची. त्या रात्री डोळा लागला की पोटातले तीन किडे स्वर्गात जाऊन आपली चुगली करतात, म्हणून सारं गाव देवळाच्या ओसरीवर खेळत बसलेलं.

"तेलाचा बुधला रिकामा झाला माझा!" स्वयंपाकीण करवादली. "रिवाजच तो. लाकडांच्या खोपटात दिवा, मागच्या अंगणात दिवे, परसाकडेलासुद्धा दिवा! पहाटेपर्यंत तेल घालत फिरले."

"पात्र शेवटचं कधी दिसलं?" दोखानने विचारलं.

"सांजेला, धूप घातला तेव्हा. दिवे लावले त्याच्या आधी."

देवळाच्या मागच्या खोलीत यून सांगजून नावाचा पंडित दरबारी परीक्षेचा अभ्यास करत राही. देऊळ बंद करा, असे अर्ज त्यानेच वर धाडलेले. दारात त्याचे जोडे होते, लाल चिखलाने माखलेले. इथली माती काळी. असे जोडे खिंडीपलीकडच्या गाडीवानांचे असतात, पाल्बोकला वाटलं. पण विद्वानाला कोण विचारणार?

"असले चाळे मी करत नाही," सांगजून म्हणाला. "दार लावून झोपलो होतो. मध्यरात्री उठलो. मागच्या अंगणात डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना. कंदील वर केला, तर समोर ही! झग्याखाली पात्र."

दोखानने सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि ती साक्ष पुन्हा वदवून घेतली.

"अहो, पण इथे तर रात्रभर दिवे होते!" पाल्बोक ओरडला.

"शाब्बास, उजाडलं एकदाचं!" दोखान म्हणाला. "जागरणाला हे कधी बसलेच नाहीत, मग दिव्यांचा रिवाज ठाऊक कुठून असणार? दिवे लागायच्या आधीच पात्र घेऊन सटकले आणि पहाटे परतले. बंद दार बघून गावाला वाटलं, पंडित घोरतायत. जोड्यांची माती खिंडीपलीकडची आहे. तिकडे कोण राहतं, पंडित?"

सांगजूनचा चेहरा उतरला. "मेहुणा. पात्र त्याच्याकडे आहे. पण विकायला नाही नेलं! हे खूळ संपावं म्हणून नेलं. आणि संपेलच. आज ना उद्या दरबार कुलूप लावेलच."

"लावा की!" ओक्रे पुढे आली. "देऊळ लाकडाचं आहे, पाडा. आम्ही उघड्या माळावर हात जोडू. सप्तर्षींना खाली उतरवायचा हुकूम तेवढा घेऊन या, पंडित. शिडी मी धरते."