मिल्तोसचा तुकडा

ग्रीसमधल्या एजिना बेटावरच्या स्तामातिसचा जीव दोन ठिकाणी अडकलेला: बोटीवर नोकरीला गेलेला एकुलता एक मुलगा मिल्तोस आणि कपाटातली प्राचीन चांदीची नाणी. नाण्यांपाशी तो कुणाला फिरकू देत नसे. लहानपणी मिल्तोस समुद्रावरून धावत घरात शिरला, की हा दरडावायचा, "ओल्या पायांनी आत यायचं नाही, सांगून ठेवतो."

हिवाळ्याच्या तोंडावर मिल्तोसची बोट बेपत्ता झाली. तेव्हापासून घरात कुणी मोठ्याने बोललं नव्हतं.

नववर्षाच्या दुपारी त्याच्या बायकोने, फ्रोसोने, रिवाजाचा केक टेबलावर आणला. त्यात एक नाणं दडवायचं. ज्याच्या वाट्याला येईल त्याचं वर्ष भलं.

"यंदा तुमचं समुद्रकासवाच्या छापाचं नाणं घातलंय," ती म्हणाली.

"अगं, अडीच हजार वर्षांचं नाणं भट्टीत घातलंस?"

"पोहणारं कासव आहे ना? मग आणेल माझ्या पोराला. तुम्हाला आपली चांदीचीच पडलीय."

त्याने सुरी उचलली. चिडायचंही बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

पहिला तुकडा ख्रिस्ताचा, दुसरा घराचा, तिसरा दूर असलेल्याचा. तिसऱ्यात सुरी अडली. फ्रोसो रडता रडता हसायला लागली.

स्तामातिसने नाणं पुसून भिंगाखाली धरलं. कडेचा टवका ओळखीचा होता, नाणं त्याचंच. पण कासवाची गुळगुळीत पाठ गेली होती. तिथे चौकटी चौकटींची ढाल होती आणि वल्ह्यांसारख्या पायांच्या जागी आखूड, थोराड पाय. जमिनीवरचं कासव. एजिनाने तसलंही नाणं पाडलं होतं, पण पुढे, अथेन्सने बेटाचं आरमार मोडल्यावर. दर्या संपल्यावरचं नाणं ते.

"काय हो?"

"काही नाही. साखर चिकटलीय."

तो कपाटाकडे गेला. नाण्याच्या रिकाम्या खाचेतलं मखमल ओलं होतं. त्याने बोट लावून जिभेवर टेकवलं.

खारट.

इतक्यात दार वाजलं. फ्रोसो धावली. तिचं हसणं त्याला ऐकू आलं. दुसरा आवाज येईल म्हणून तो कान देऊन थांबला.

आला नाही.

"अहो," फ्रोसोने दारातूनच हाक मारली, "मिल्तोस आलाय. पण उंबरठा ओलांडत नाही. बाबांना विचार म्हणतोय, पाय ओले आहेत, आत येऊ का?"