दुसरा ब्रेक

टॅक्सी समजून मी भलत्याच गाडीत बसले आणि रुबाबात म्हणाले, "वाचनालयाला चला."

पुढे बसलेला माणूस मागे वळला. स्टिअरिंगसमोर कुणीच नव्हतं. "नेलं असतं," तो म्हणाला, "पण ही ड्रायव्हिंग स्कूलची गाडी. चालवावी तुम्हालाच लागेल."

गालातल्या गालात हसत होता मेला. आठवड्याभरात मी शिकायला हजर. त्याला सगळे मास्तर म्हणायचे, मीही म्हणू लागले.

एका सकाळी चढावर गाडी एकदाही बंद पडली नाही. "आज मी एकटीनं चालवली," मी म्हणाले... आणि त्याच्या पायाकडे लक्ष गेलं. "हे काय?"

"दुसरा ब्रेक, शिकवणाऱ्यासाठी. मी दाबला नाही हं."

"पण दाबू शकला असतात ना? मग ती माझी मर्जी कसली, तुमची मेहेरबानी. माझा अख्खा प्रबंध यावरच आहे, मास्तर. कुणी अडवत नाही, एवढ्यानं माणूस स्वतंत्र होत नाही. अडवायची सोय कुणाच्या हातात आहे, ते बघायचं."

दुसरा कुणी हसला असता. त्यानं गाडी बाजूला घ्यायला लावली. "म्हणजे मालक कितीही भला असला तरी मालकच?"

"हो."

"मग... प्रेमात काय करायचं?"

मला माझी आत्या आठवली. तिला नवऱ्यानं आजवर कशालाही नाही म्हटलेलं नाही. तरी साधा पडदा निवडतानाही ती आधी त्याच्या तोंडाकडे बघते. मला तसं बघायचं नव्हतं. आणि मास्तर तर आवडायला लागले होते.

लायसन्स मिळालं. भेटायला आता निमित्त उरलं नाही, म्हणून मी तोंड पाडून बसले होते, तर दुसऱ्या दिवशी तो दारात. स्वतःची जुनी गाडी घेऊन. किल्ली माझ्या हातात देऊन तो बाजूला जाऊन बसला. मी वाकून बघितलं. त्याच्या पायाखाली नुसती मॅट होती.

बाजाराच्या वळणावर अचानक ट्रक समोर आला. त्याचा पाय मॅटवर जोरात दाबला गेला. ब्रेक मात्र मी लावला.

"घाबरलात?"

"खूप." तो माझ्याकडे वळला. "मला तुम्ही आवडता. नाही म्हणालात तर... मी इथेच उतरतो, गाडी तुम्ही घरापर्यंत न्या."

मी रस्त्यावरची नजर हलवली नाही. त्याच्या तोंडाकडे बघितलंही नाही.

"मलाही आवडता," मी म्हणाले. "आता पाय उचला, मास्तर. मॅट फाटेल."