रूम खाली आहे

चातुर्मासात सकाळची पूजा आटोपेपर्यंत मी बोलत नाही. एकोणीस वर्षं झाली या नेमाला. तेवढ्यात फोन आलाच तर कानाला लावते आणि फक्त "हं" म्हणते. त्याचा अर्थ होकार नाही आणि नकारही नाही. ऐकलं, मग बोलते, एवढाच. तलासरीतल्या माझ्या माणसांना हे ठाऊक आहे. जतीनला नव्हतं.

जतीन डहाणूतला दलाल. ह्यांच्यामागे फंडाचे पैसे आले, त्यातून मी घेतलेला फ्लॅट भाड्याने लावायचं काम त्याच्याकडे होतं. इराणी रोडच्या मागची गल्ली, तीन मजल्यांची इमारत, आमचा तळमजला. एक खोली, स्वयंपाकघर, खिडकीबाहेर चिकूचं झाड. आषाढात एका सकाळी त्याने फोनवर काहीतरी विचारलं, मी "हं" म्हणाले, आणि दुपारी जाऊन बघते तो ग्रिलला पिवळी पाटी. रूम खाली आहे.

"जतीनभाई, हे काय मराठी? खाली म्हणजे वर-खालीतलं खाली. 'भाड्याने देणे आहे' असं लिहायचं."

"काकी, इकडे सगळे खालीच बोलतात. गुजरात्याला कळते, भय्याला पण कळते. आणि तुम्हीच 'हं' बोलल्या ने?"

पाटी राहिली. भाडेकरू राहिले नाहीत.

पहिली रुपल, शाळेत शिकवणारी. तिसऱ्याच आठवड्यात म्हणाली, "काकी, बाकी सगळं सरस आहे, पण खालचे लोक पहाटेपासून केर काढतात. जरा सांगा ना त्यांना."

"अगं, हा तळमजला आहे. खाली कोण असणार?"

खोटं बोलणाऱ्याकडे बघतात तसं तिने माझ्याकडे बघितलं. चार दिवसांनी जतीनकडे चावी आली.

मी भूकंपाला दोष दिला. आमच्या पट्ट्यात तो नवा नाही. गेली काही वर्षं जमीन मधूनच गुरगुरते, मांडणीतली भांडी वाजतात, माणसं अंगणात येऊन उभी राहतात आणि पुन्हा आत जाऊन भाजी ढवळायला लागतात. दुसरा भाडेकरू उमेश, वायरिंगची कामं घेणारा. त्याला मी हे आधीच सांगून ठेवलं. बाराव्या दिवशी तो दारातच चावी घेऊन उभा.

"मॅडम, भूकंपात कुकरच्या शिट्ट्या होतात का?"

मला रडू आलं, ते भीतीने नव्हे. दर खेपेला तलासरीहून जीपमध्ये अंग चोरून बसायचं, डहाणूला येऊन लादी पुसायची, जतीनची बोलणी ऐकायची. इमारतीची मूळ कागदपत्रं काढून पाहिली. खाली तळघर नाही, टाकी नाही. भातखाचरावर टाकलेला मातीचा भराव, बस्स. माझा प्रविण वापीला असतो. तो फोनवर शांतपणे म्हणाला, "आई, दिवाळीपर्यंत बघ. नाही टिकलं कोणी तर विकून टाकू, आणि तू इकडे ये." वापीच्या घरात माझ्या देवांसाठी सूनबाईंनी फ्रीजवरची जागा दाखवली होती. मी देवाला एवढंच म्हटलं, माझं भाडं मला येऊ दे, कोणाच्या दारी मला पाठवू नकोस.

भाद्रपदात रविना आणि नविन आले. ती धाकट्या डहाणूच्या कोळीवाड्यातली, आई देवकी मासळी विकणारी. तो फुग्यांच्या कारखान्यात, तळहात कायम रंगलेले. पाटी वाचूनच आलो म्हणाले. पहिल्या दिवशी मी उंबऱ्याच्या आत रांगोळीने श्री काढून दाखवला, रोज काढ म्हटलं.

"मावशी, तुमचा श्री म्हणजे कोलंबीच दिसते की! ही बघा मिशी, ही शेपूट."

मी अख्खा चातुर्मास कांदासुद्धा खात नाही, पण हसू आलं. पोरगी आवडली मला. श्रीसुद्धा ती रोज काढायची, मिशीसकट.

पितृपंधरवड्यात गेले तर ती जमिनीवर बसून खलबत्त्यात मसाला कुटत होती. मी पाणी प्यायला टेकले आणि माझ्या टाचेखाली टक, टक, टक असं झालं.

"हे काय गं?"

"खालची बाई. छताला काठी ठोकते. पोर झोपलं असेल तिचं." आणि रविना हळू कुटायला लागली.

"धक्का असेल."

"धक्का मोजून तीनदा येतो का, मावशी?"

मला तिचाच राग आला. चांगली टिकलेली पोरगी, आता हीही तेच बोलायला लागली. "हे बघ, बाहेर कोणाला सांगू नकोस. माझं घर बदनाम होतं."

"नाही सांगत. भांडखोर नाहीत ते. त्यांच्याकडे गारवा आहे म्हणतात. इथे पत्र्यावाणी तापतं." तिने हात पुसले. "मावशी, एक विचारू? ती पाटी तुम्ही वरच्या रूमची लावली की खालच्या?"

जाताना पाटी काढून घरी नेली आणि पलंगाखाली ठेवली.

कोजागिरीच्या सकाळी मी पूजेला बसले होते. एका हातात घंटी. फोन वाजला, रविनाचं नाव.

"मावशी, खालचे बोलवतात. रूम खाली आहे, या म्हणतात. आमच्याहून मोठी आहे. भाडं मावशींनाच द्या, खालचं घरही मावशींचंच आहे म्हणाले. मग जाऊ ना आम्ही?"

हातातली घंटी वाजवायची राहिली होती.

"हं," मी म्हणाले.

"बरं मावशी." फोन ठेवला तिने.

आरती मी घाईने उरकली. आयुष्यात पहिल्यांदा. मग लावला तर फोन लागेना.

दुपारी दारात दोघांच्या चपला होत्या. जोडीने, नीट, टाचा भिंतीला लावून. दाराला आतून कडी. जतीनने सुतार आणला.

आत काहीच नव्हतं. कपड्यांची दोरी नाही, कॅलेंडर नाही, खलबत्ता नाही. लादी नुकतीच पुसलेली, ओली.

"टेम्पो तर कोणी पाहिला नाही," जतीन म्हणाला. त्याने त्या चपलांकडे पाहिलं. मग सुताराला घेऊन गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. हाक मारली तरी आला नाही.

मी खाली बसले.

बोटाच्या पेराने तीनदा ठोकलं.

खाली कुटणं चालू होतं. ते थांबलं.

मग पुन्हा सुरू झालं. हळू.

मी देवकीकडे गेले, पोलीस ठाण्यात जाऊया म्हणाले. ती बोंबील वाळत घालत होती. माझ्याकडे बघतच राहिली. "ठाण्यात कशाला? येतो की फोन पोरीचा. बरी आहे बोलते, गार आहे बोलते. आवाज तेवढा विहिरीतून आल्यासारखा येतो. तुम्हीच जा बोललात ना तिला?"

भाडं दर महिन्याच्या एक तारखेला नविनच्या खात्यातून येतं. कधी चुकलं नाही. मी वापीला गेले नाही. माझे देव माझ्या देव्हाऱ्यात आहेत.

दिवाळीत प्रविणने विचारलं, "आई, रूम खाली तर नाही ना?"

मी खोटं बोलत नाही. पूजा केव्हाच झाली होती, मौन सुटलं होतं.

"हं," मी म्हणाले.

महिन्यातून एकदा जाते, खिडकी उघडते, लादी पुसते. उंबऱ्याच्या आत दर खेपेला श्री उमटलेला असतो, ताजा, मिशीसकट. पण उलटा, कागदाच्या मागून दिसावा तसा. आधी वाटलं, आपलंच डोकं फिरलं. ओल्या फडक्याने घासघासून पुसला.

जात नाही. रांगोळी लादीच्या या बाजूला नाहीच.