आयती चूल

आदिनाथ, तंबू खुशाल ने. पण नदीकाठाला लावायच्या आधी समदे बसा जरा. नागेशचं सांगतो. सरजाबाईचा नागेश, ऑस्ट्रेलियात असतो तो. खोटं वाटलं तर त्यालाच फोन लावा.

गेल्या दिवाळीत तो माझ्याकडं कुऱ्हाड मागायला आलता. "काका, बायकोला आन पोरीला घेऊन आज गोदावरीच्या काठाला तंबूत झोपणार हाय." मी म्हणलं, घरात ढेकणं झालीत का रं? हसला. तिकडं लोक डोंगरात, समुद्राकडंला असंच राहतात म्हणं, झाडं-पाखरं बघत.

सकाळी कुऱ्हाड परत आणून दिली. "वापरलीच न्हाई, काका. चुलीला दगड आयते घावले. त्याच्यावर वाळलेल्या बाभळीच्या फांद्या पण होत्या. लय मजा आली." मी कुऱ्हाड कोपऱ्यात ठेवली आन इसरून गेलो.

सुट्टी संपली, तिघं परत गेले. सरजाबाईनं नातीला, अर्पिताला, एक गोधडी शिवून दिलती. माझ्या बायकोच्या जुन्या लुगड्याची, लाल काठाची. ती पण गेली तिकडं.

जानेवारीत त्यांच्याकडं उन्हाळा असतो. तोच तंबू घेऊन निघाले. आधी डोंगरात. दिवसा कांगारू काय, झरे काय, पोरगी नुसती नाचायली. रात्री तंबूखालून खरखर सुरू झाली. नागेश म्हणला, हिकडं डुकराएवढं एक जनावर बिळं करतं, तेच असंल. सकाळी बघितलं तर जमीन सपाट. कुठं उकरलेलं न्हाई.

भ्यालाच तो. मुक्काम हलवला, थेट समुद्रावर गेला.

पौषातली अमावास्या. आयतवारची रात. इकडं मी जेवून हात धुयायलो होतो, तिकडं पहाटेचे तीन. फोन वाजला.

"काका… पोरीच्या अंगावरची गोधडी कुणीतरी खालून ओढली. वाळूत गेली. आता तिचा पाय…"

मागून त्याची बायको प्रियांका किंचाळायली.

"आरं, गाडीत बसा!"

"गाडीतच हाय. आता गाडीखालून खरवडायलंय."

मंग अर्पिताचा आवाज. एकदम शांत.

"बाबा, त्याला थंडी वाजायली. माझा पाय सोडंना."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "नागेश, चूल केली ते दगड कुठले रं?"

"बाभळीखालचे… एका जागी रचून ठेवलेले."



पोरांनो, तान्हं लेकरू गेलं की आपण जाळत न्हाई. नदीकाठी पुरतो. वर दगड, दगडावर काटे. कोल्ह्या-कुत्र्यानं उकरू नये म्हणून. त्या लेकराचं तेच पांघरूण. नागेशनं ते उचकटलं आन त्याच्यावर चहा केला.

"फोन चालू ठेव," म्हणलं. कोपऱ्यातली कुऱ्हाड घेतली. मोटारसायकल काढली.

काठाला चिटपाखरू न्हाई. बॅटरी मारली. काळी पडलेली चूल दिसली. बाजूला बाभळ. बाभळीखाली…

गोधडी.

लाल काठाची. अर्धी जमिनीत.

हात लावला. वली.

खिशातल्या फोनमधून पोरगी रडायला लागली. जोरात.

एकेक दगड उचलला. गोधडीवर ठेवला. बाभळीच्या फांद्या तोडल्या. हात फाटले. काटे वर टाकले…

फोन गप.

…

मंग नागेश बोलला. "सोडला, काका. पाय सोडला. झोपली पोरगी. गोधडी तेवढी घावंना."



समोर गोदावरी. गोड पाणी. जन्मभर पिलेलं.

गोधडीनं वलं झालेलं बोट जिभेला लावलं.

खारट होतं.