दुसरी रेघ

प्रयोगशाळेतला चिलटांवरचा प्रयोग संपवायचं काम थोरलीवर आलं, कारण तो धाकटीचा होता आणि धाकटी आता राहिली नव्हती. दोघी सख्ख्या बहिणी एकाच प्रयोगशाळेत. ‘‘लोक माश्या मारतात, आम्ही पोसतो,’’ असं धाकटी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. संसर्गाचा ताप निघाला, तिला काचेआडच्या खोलीत ठेवलं, थोरलीला आत सोडलं नाही. पोरगी एकटीच गेली, हे थोरलीच्या मनातून काही केल्या जात नव्हतं.

धाकटीचा प्रयोग साधा होता. चिलटं जन्मापासून एकेकटी नळीत वाढवायची, मग काचेच्या बशीत सोडून वरून कॅमेऱ्याने टिपायची. प्रत्येक चिलटामागे संगणक एक रंगीत रेघ ओढतो; कोण कुणाजवळ बसतं ते त्यावरून कळतं. आज शेवटचं चिलट उरलं होतं. दुपार कलली होती. खोलीत खमिराचा आंबूस वास आणि यंत्राची घरघर.

थोरलीने चिलट बशीत सोडलं. पडद्यावर रेघा दोन उमटल्या.

झाकणात प्रतिबिंब पडलं की संगणक असा फसतो. तिने झाकण बदललं, दिव्यावर कागद धरला. दुसरी रेघ हटेना. शेवटी तिने चिलट परत नळीत ओढून घेतलं. बशी रिकामी झाली. दुसरी रेघ मात्र सरकत सरकत थोरलीच्या बाजूच्या कडेला येऊन थांबली.

थोरलीने खुर्ची पलीकडे नेली. रेघही वळसा घालून आली.

‘‘तूच आहेस का गं...?’’ तिच्या अंगावर काटा आला, पण त्याहून जास्त रडू आलं.

दारातून प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचा आवाज आला. ‘‘बशी रिकामी दिसतेय. बंद कर आणि घरी जा बाई.’’

‘‘हो मॅडम... आलेच.’’

ती दारापर्यंत गेली आणि तिने वळून पाहिलं. रेघ बशीच्या कडेकडेने सैरावैरा धावत होती. एकटी वाढलेली चिलटं एकटी सोडली की अशीच धावतात. थोरली धावत परत येऊन खुर्चीत बसली. रेघ थांबली.

‘‘नाही जात गं... इथेच आहे मी.’’

तिने बशीवर हात टेकला. पडद्यावर रेघेशेजारी आणखी एक रेघ उमटली. तिने दचकून हात मागे घेतला, तशी ती नवी रेघही मागे सरली.

मॅडम आत आल्या. थोरली बसली होती त्या खुर्चीपाशी थांबून त्यांनी तिच्या आरपार खोलीभर पाहिलं.

‘‘अगं, आत्ता इथे होतीस... कुठे गेलीस?’’